विस्तवाच्या दोन बाजू: घरच्या घरी बीफ ग्रिल आणि बार्बेक्यू करण्याची रीत

घरी ग्रिलवर भाजलेले बीफ मनासारखे झाले नाही, की दोष सहसा मसाल्याला दिला जातो आणि पुढच्या वेळी मसाला बदलला जातो. माझा अनुभव असा, की बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा राहिलेला स्टेक असो, किंवा चार तास विस्तवावर राहूनही वातडच राहिलेला खांद्याचा तुकडा असो, दोन्हींच्या मुळाशी एकच चूक असते: त्या तुकड्याला जसा विस्तव हवा होता तसा तो मिळालेला नसतो. म्हणून या लेखात मसाल्याला थोडी जागा दिली आहे आणि तुकडा, मीठ, निखारे व थर्मामीटर यांना भरपूर.

तुकडा आधी, विस्तव नंतर

जनावर ज्या स्नायूंना फारसे कामाला लावत नाही ते मऊ राहतात. पाठीच्या कण्यालगतचे रिबआय, सरलॉइन, टी-बोन आणि सर्वांत मऊ असा टेंडरलॉइन हे त्यांतले. यांना प्रखर आच आणि थोडा वेळ पुरतो. ग्रिल करणे म्हणतात ते हेच. याउलट छातीचे ब्रिस्केट, खांद्याचा चक आणि बरगड्यांवरचे शॉर्ट रिब्ज हे जन्मभर वजन पेलणारे, हालचाल करणारे स्नायू असतात आणि त्यांच्या तंतूंना कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. हे कोलॅजेन थोडा वेळ तापवले तर आक्रसते, मांसातले पाणी पिळून काढते आणि तुकडा चावता येत नाही. पण तेच साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर कित्येक तास ठेवले तर हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. तोवर मांसातले बरेचसे पाणी निघून गेलेले असते, तरीही खाताना ते रसरशीत लागते, ते या जिलेटिनमुळे आणि वितळलेल्या चरबीमुळे. मंद आच, झाकलेले भांडे, धूर आणि भरपूर वेळ असा जो बार्बेक्यू, तो या तुकड्यांसाठी आहे. रिबआय दहा तास धुरात ठेवणे आणि ब्रिस्केटचे काप भडक विस्तवावर पाच मिनिटे भाजणे, दोन्हींत चांगले मांस वाया जाते.

यांच्या मधला एक गट आहे, पोटाकडच्या फ्लँक आणि स्कर्ट या पातळ तुकड्यांचा. त्यांचे तंतू लांब आणि जाड असतात, चव मात्र पाठीच्या तुकड्यांपेक्षा ठसठशीत असते. ते झटपट भाजायचे असतात आणि त्यांचा मऊपणा सुरीवर अवलंबून असतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तंतूंच्या मध्ये विखुरलेली पांढरी चरबी. कडेला असलेला चरबीचा जाड थर चव देतो खरा, पण मांस ओलसर ठेवते ती आतली बारीक नक्षी. दुसरी गोष्ट जाडी, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे. दीड सेंटीमीटर जाडीच्या स्टेकवर खरपूस कवच येईपर्यंत तो आतपर्यंत पूर्ण शिजून कोरडा झालेला असतो, मग भाजणारा कितीही कुशल असो. साडेतीन ते चार सेंटीमीटर जाडीचा एकच स्टेक घेऊन तो भाजल्यावर दोघांनी वाटून घ्यावा. दोन पातळ स्टेक घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पिशवीत हवाबंद केलेले मांस जांभळट दिसले म्हणून ते शिळे समजू नये, कारण प्राणवायू लागला की थोड्या वेळात ते लाल होते. पिशवीत साचलेला लालसर द्रवही रक्त नसतो. ते पाणी आणि मायोग्लोबिन हे स्नायूंमधले रंगद्रव्य असते.

मीठ कधी लावायचे

मिठाचे प्रमाण मांसाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का ठेवावे, म्हणजे चारशे ग्रॅमच्या स्टेकला चार ग्रॅम. बारीक मीठ असेल तर छोटा चमचा सपाट पाऊण भरून. प्रमाणाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते आणि ती का, हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. मीठ भुरभुरल्यावर तुकडा ताटात ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यावे. पाच-दहा मिनिटांत पृष्ठभागावर घामासारखे थेंब येतात, मीठ त्यात विरघळते आणि तुकडा वरून ओलाचिंब दिसू लागतो. विस्तवावर ठेवायला ही सर्वांत वाईट वेळ, कारण आधी ते पाणी उडून जाईपर्यंत मांस नुसते वाफवले जाते. धीर धरला तर साधारण चाळीस मिनिटांनी ते थेंब दिसेनासे होतात: खारट पाणी मांसात परत शिरलेले असते आणि पृष्ठभाग किंचित चिकट, जवळजवळ कोरडा झालेला असतो. म्हणून मीठ एक तर विस्तवावर टाकण्याच्या क्षणी लावावे, नाही तर किमान चाळीस मिनिटे आधी.

सर्वांत उत्तम म्हणजे आदल्या रात्री. मीठ लावलेला तुकडा जाळीवर ठेवून, खाली ताट देऊन, न झाकता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. रात्रभरात मीठ खोलवर मुरते आणि थंड कोरड्या हवेने पृष्ठभाग सुकतो. सकाळी तो गडद आणि कातड्यासारखा दिसेल. घाबरण्याचे कारण नाही, खरपूस कवच येण्यासाठी असाच पृष्ठभाग हवा असतो. लसूण, मिरी, सुगंधी वनस्पती आणि आंबट पदार्थ घालून मांस मुरवण्याची पद्धत पातळ तुकड्यांना शोभते. जाड तुकड्यात मात्र मीठ सोडले तर त्यातले बाकीचे फारसे काही आत जात नाही. जे राहते ते पृष्ठभागावरच्या काही मिलिमीटरांत. आंबटात मांस फार वेळ ठेवले तर बाहेरचा थर पिठूळ होतो, म्हणून फ्लँकसारख्या तुकड्याला दोन-चार तास पुरे आहेत.

गोठवलेले मांस असेल तर ते फ्रिजमध्येच वितळू द्यावे आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. ओट्यावर वितळवलेल्या मांसाचा गाभा बर्फाचा असतानाच बाहेरची बाजू जंतूंना वाढायला पुरेशी कोमट झालेली असते.

जागा आणि निखारे

कोळसा असो की गॅस, ग्रिल उघड्यावरच पेटवावे. घरात, गॅरेजमध्ये, तंबूत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत ते कधीही पेटवू नये, दार उघडे ठेवूनसुद्धा नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि धूर विरल्यावर शांतपणे धगधगणारे निखारेही तो सोडतच असतात. पावसाची सर आली म्हणून पेटते ग्रिल आत ओढून घेण्याचा मोह जिवावर बेततो. भिंत, कुंपण, वाळलेली झाडे यांपासून ते चांगले दूर आणि सपाट जमिनीवर असावे, आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. पेटत्या चरबीवर पाणी टाकू नये.

कोळसा दोन प्रकारचा मिळतो. लाकडाचा ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो आणि जास्त तापतो, पण त्याचे तुकडे लहानमोठे असल्याने आच कमी-जास्त होते. भुकटी दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या ब्रिकेट सावकाश आणि एकसारख्या जळतात. झटपट स्टेकसाठी पहिला आणि लांबलचक बार्बेक्यूसाठी दुसऱ्या, अशी वाटणी मला सोयीची वाटते. पेटवण्यासाठी रॉकेल किंवा तत्सम द्रव टाळावा; त्याचा वास मांसाला लागतो, आणि पेटत्या कोळशावर तो ओतणे धोक्याचे असते. पत्र्याची दंडगोल चिमणी हे यासाठीचे उत्तम साधन आहे: वर कोळसा भरायचा, खाली कागदाचे दोन-तीन बोळे ठेवायचे आणि ते पेटवायचे. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या ब्रिकेटवरही राखाडी थर येतो आणि मग निखारे ओतता येतात.

ते ओतताना संपूर्ण ग्रिलभर पसरू नयेत. घरी ग्रिल करणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही, असे मी आग्रहाने सांगेन: सगळे निखारे एका अर्ध्या भागात रचावेत आणि दुसरा अर्धा भाग पूर्ण रिकामा ठेवावा. निखाऱ्यांवरच्या जाळीवर मांसाला थेट धग लागते आणि तिथे कवच तयार होते. रिकाम्या बाजूला झाकण लावल्यावर फक्त गरम हवा खेळते आणि तिथे मांस भट्टीत भाजल्यासारखे सावकाश शिजते. चरबी ठिबकून भडका उडाला, बाहेरची बाजू फार लवकर काळी पडू लागली, किंवा एक स्टेक दुसऱ्याच्या आधी झाला, तर चिमट्याने उचलून रिकाम्या बाजूला सरकवला की प्रश्न मिटतो. सगळीकडे निखारे पसरलेल्या ग्रिलवर ही सुटका नसते. गॅसच्या ग्रिलवर हेच करायचे तर एका बाजूचे बर्नर पूर्ण मोठे आणि दुसऱ्या बाजूचे बंद ठेवावेत आणि झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे जाळी तापू द्यावी.

आच किती आहे ते जाळीच्या बारा सेंटीमीटर वर तळहात धरून समजते. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर ती प्रखर, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. झाकण लावलेले असताना तिचा ताबा हवेच्या झरोक्यांकडे जातो. खालचा झरोका विस्तवाला हवा देतो, म्हणून आच कमी करायची तर तो थोडा मिटावा. वरचा नेहमी उघडा असावा, कारण तो मिटला तर धूर कोंडतो आणि मांसावर कडवट काजळी बसते.

जाड स्टेक, पायरीपायरीने

खरपूस तपकिरी कवच ज्या प्रक्रियेने तयार होते तिला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. प्रथिनांमधली अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया साधारण १४० अंशांपासून वेगाने होऊ लागते आणि पाणी तर १०० अंशांवरच उकळते. अर्थात पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि कवच धरत नाही. म्हणून स्टेक टाकण्यापूर्वी तो कागदी रुमालाने टिपून कोरडा करावा. प्रखर विस्तवावर आधी भाजले की छिद्रे बंद होऊन रस आत राहतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञामुळे पसरली. ती चुकीची आहे. कवचातून रस गळतच राहतो आणि भाजल्यानंतर ऐकू येणारी चरचर ही त्याचीच खूण असते. कवच हवे ते चवीसाठी.

हे एकदा मान्य केले की आधी कवच आणि नंतर आतला भाग हा क्रम उलटा करायला हरकत राहत नाही. साडेतीन सेंटीमीटरपेक्षा जाड स्टेकसाठी मी नेहमी उलटा क्रमच घेते. स्टेक रिकाम्या बाजूला ठेवावा, झाकण लावावे आणि आतली हवा ११० ते १२० अंशांच्या आसपास राहील असा खालचा झरोका मिटता ठेवावा. झाकणावरच्या तबकडीवर फार विसंबू नये. ती वरच्या हवेचे तापमान सांगते, जाळीपाशी ते बरेच वेगळे असू शकते. या आचेवर स्टेकचा गाभा सावकाश तापतो आणि कडेपासून मध्यापर्यंत सारख्या रंगाचा शिजतो, शिवाय पृष्ठभाग आणखी सुकतो. साधारण अर्ध्या तासात, कधी थोडे आधी, कधी थोडे उशिरा, गाभ्याचे तापमान ४६ ते ४९ अंशांवर येते. मग स्टेक काढून बाजूला ठेवावा, झरोके पूर्ण उघडावेत, लागल्यास थोडे पेटते निखारे वाढवावेत आणि विस्तव लालबुंद झाला की तेलाचा हलका हात फिरवून स्टेक थेट निखाऱ्यांवर टाकावा. दर तीस-चाळीस सेकंदांनी पलटत राहावे. एकदाच पलटावा असा नियम पुष्कळ जण सांगतात, पण वारंवार पलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात आणि वेळही कमी लागतो. दोन-तीन मिनिटांत कवच येते. शेवटी चिमट्यात स्टेक उभा धरून चरबीची कड निखाऱ्यांवर टेकवावी आणि ती फुगून सोनेरी होईपर्यंत धरून ठेवावी. वीसेक सेकंदांचे हे काम माझ्या फार आवडीचे आहे.

पातळ, दोन सेंटीमीटरच्या स्टेकला हा उपद्व्याप नको. तो फ्रिजमधून थेट कडक निखाऱ्यांवर टाकावा आणि पलटत पलटत पाच-सहा मिनिटांत उतरवावा. थंड गाभ्यामुळे उलट कवचासाठी थोडा वेळ जास्त मिळतो.

थर्मामीटर

बोटाने दाबून स्टेक ओळखण्याची कला असते, पण ती रोज शेकडो स्टेक भाजणाऱ्यांच्या बोटांत येते. घरी महिन्यातून दोनदा ग्रिल पेटवणाऱ्याने टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात त्याचे टोक बुडवावे. शून्य दाखवले तर तो ठीक आहे. मापताना स्टेकच्या कडेतून, आडवा, मध्यापर्यंत खुपसावा आणि हाडाला टेकू देऊ नये.

गाभा ४९ ते ५२ अंशांवर असेल तर त्याला रेअर म्हणतात, ५४ ते ५७ वर मीडियम-रेअर, ६० ते ६३ वर मीडियम, आणि ७१ च्या पुढे तो पूर्ण शिजलेला असतो. चरबीच्या नक्षीने भरलेला रिबआय मला ५७ च्या आसपास सर्वांत चांगला लागतो, कारण त्याच्या खाली ती चरबी नीट वितळत नाही; चरबी कमी असलेला टेंडरलॉइन मात्र त्याआधीच उतरवावा. अखंड तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाने सुरक्षित म्हणून सांगितलेले तापमान ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा असे आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी पंगतीला असेल तर त्यांच्या ताटातला तुकडा या तापमानाच्या खाली ठेवू नये. मांस टोचून किंवा सुऱ्यांनी छेदून मऊ केलेले असेल तर पृष्ठभागावरचे जंतू आत ढकलले गेलेले असतात, तेव्हाही हीच काळजी घ्यावी.

विस्तवावरून उतरवल्यावर बाहेरच्या थरातली उष्णता आत जातच राहते आणि गाभा आणखी तीन-चार अंश चढतो. म्हणून हव्या तापमानाच्या तेवढे आधी उतरवावे आणि पाच-दहा मिनिटे, शक्यतो जाळीवर, विसावू द्यावे. फॉइलने घट्ट झाकले तर वाफेने कवच मऊ पडते. कच्चे मांस ज्या ताटातून आणले त्यात भाजलेले ठेवू नये, आणि चिमटेही दोन असावेत.

सुरी कोणत्या दिशेने चालते

फ्लँक आणि स्कर्ट प्रखर निखाऱ्यांवर प्रत्येक बाजूने दोन ते चार मिनिटे भाजून ५५ ते ५८ अंशांना उतरवावेत. त्यानंतर तुकडा फळीवर ठेवून त्याच्याकडे नीट पाहावे. कापडातल्या उभ्या धाग्यांसारख्या समांतर रेषा स्पष्ट दिसतात. ते स्नायूंचे तंतू. त्यांच्या दिशेने कापले तर प्रत्येक घासात बोटभर लांबीच्या दोऱ्या येतात आणि त्या तोडायचे काम दातांवर पडते. रेषांना काटकोनात, सुरी किंचित तिरपी धरून, अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप केले तर त्याच दोऱ्या सुरीनेच तुटलेल्या असतात. ज्यांना खात्री पटत नाही त्यांनी एकाच तुकड्याचे दोन काप दोन दिशांनी कापून लागोपाठ खाऊन पाहावेत. कच्चे असताना रेषा जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून भाजण्यापूर्वीच दिशा लक्षात ठेवलेली बरी.

खिम्याचे बर्गर

खिम्याला स्टेकचे नियम लागू होत नाहीत. अखंड तुकड्यात जंतू असतात ते पृष्ठभागावर आणि विस्तव त्यांना मारतो. खिमा करताना तोच पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. १९९३ साली अमेरिकेत अर्धकच्च्या बर्गरमधून पसरलेल्या ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूने सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. बर्गर ७१ अंशांपर्यंत शिजवावा आणि ते थर्मामीटरनेच पाहावे, कारण आतला रंग बऱ्याचदा फसवतो.

एवढा शिजवूनही तो कोरडा होऊ नये म्हणून खिम्यात वीस टक्के चरबी हवी. खांद्याचा चक यासाठी जवळजवळ आपोआपच योग्य प्रमाणाचा असतो. खिमा थंड ठेवावा, हलक्या हाताने गोळे दाबून दोन सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करावा, म्हणजे शिजताना मध्य फुगून चेंडू होत नाही. मीठ खिम्यात मळू नये. मळले तर ते प्रथिने विरघळवून खिम्याला बांधून टाकते आणि बर्गर सॉसेजसारखा घट्ट होतो. चकत्यांवर वरून, विस्तवावर टाकण्याच्या क्षणी भुरभुरावे. भाजताना उलथन्याने दाबू नये, कारण तो मोठा चर्र आवाज चरबी आणि रस निखाऱ्यांत पडल्याचा असतो.

ब्रिस्केट, चक आणि धूर

लांबच्या बार्बेक्यूला मी पहिल्यांदा ब्रिस्केट सुचवणार नाही. दोन किलोचा चकचा अखंड तुकडा घ्यावा; तो स्वस्त पडतो, चरबी सगळीकडे असल्याने थोडीफार चूक सांभाळून घेतो आणि एका दिवसात होतो. रीत दोन्हींची सारखीच आहे.

गोल ग्रिलच्या कडेने ब्रिकेटची दुहेरी ओळ अर्धचंद्रासारखी मांडावी, तिच्यावर ठिकठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवावेत आणि एकाच टोकाला आठ-दहा पेटत्या ब्रिकेट ठेवाव्यात. विस्तव ओळीने पुढे सरकत जातो आणि कित्येक तास आच ११० ते १२० अंशांवर राहते. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचे पसरट भांडे ठेवले तर तापमानाचे चढउतार कमी होतात आणि ठिबकणारी चरबी त्यात पडते. लाकूड कठीण जातीचे आणि वाळलेले असावे, जसे ओक, हिकरी, सफरचंद किंवा चेरी. पाइनसारखे राळ असलेले, रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूड कधीही वापरू नये. लाकूड पाण्यात भिजवून फारसा फायदा होत नाही, आधी त्याची वाफच निघत राहते. धूर पातळ, निळसर आणि जेमतेम दिसेल इतकाच हवा. दाट पांढरे लोट निघत असतील तर मांस आत ठेवण्याची घाई करू नये.

चरबीचा वरचा थर सहा मिलिमीटर ठेवून बाकीचा काढावा, मीठ आणि जाडसर मिरी लावावी आणि मांस आत ठेवून झाकण लावावे. झाकण उघडून पाहण्याची सवय सोडावी; दर वेळी साठलेली उष्णता निघून जाते. पहिले काही तास तापमान व्यवस्थित चढते आणि मग ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी ते थांबते, तासन्‌तास. माझ्या पहिल्या ब्रिस्केटच्या वेळी काटा ६८ अंशांवर अडीच तास बसून होता. थर्मामीटर बिघडला असेल अशा समजुतीने मी कोळसा वाढवला आणि खालची बाजू करपून गेली. बिघडलेले काहीच नव्हते. माठातले पाणी जसे झिरपून उडणाऱ्या ओलाव्यामुळे गार राहते, तसे मांसही आपल्याच पृष्ठभागावरून उडणाऱ्या पाण्यामुळे थंड होत असते, आणि हे पाणी सरेपर्यंत तापमान पुढे जात नाही. थांबायचे नसेल तर बाहेर गडद तपकिरी, नखाने न निघणारी साल धरल्यावर तुकडा जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गच्च गुंडाळावा. बाष्पीभवन थांबते आणि तापमान पुन्हा चढू लागते. फॉइल जास्त वेगवान असते, पण साल मऊ करते. कागदात ती बरीच टिकते.

९० अंशांपासून तपासायला सुरुवात करावी. बहुतेक तुकडे ९२ ते ९६ च्या दरम्यान होतात, पण खरी खूण हाताला कळते: थर्मामीटरचा टोचायचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा कोणत्याही बाजूने विनाअडथळा आत गेला पाहिजे. एखाद्या ठिकाणी जरी अडला तरी आणखी अर्धा तास ठेवावे. दोन किलोच्या चकला सहा ते आठ तास, पाच किलोच्या ब्रिस्केटला दहा ते चौदा तास लागतात आणि पाहुणे किती वाजता येणार याच्याशी मांसाला काही देणेघेणे नसते, म्हणून दोन तास आधीच सुरुवात करावी. लवकर झाले तर गुंडाळलेल्या स्थितीत जाड टॉवेलात घालून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवले की ते कित्येक तास गरम राहते, आणि किमान एक तास तसा विसावा त्याला हवाच असतो. तापमान ६० अंशांच्या खाली उतरू देऊ नये. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकावर एक असतात आणि दोघांचे तंतू वेगळ्या दिशांना जातात, म्हणून कापताना मध्येच फळीवर तुकडा फिरवावा लागतो. कापाच्या कडेला दिसणारे गुलाबी कडे कच्चेपणाचे नसते. ज्वलनातून निघणारे वायू मायोग्लोबिनशी जोडले गेल्याने तो रंग टिकून राहतो.

साखर किंवा मध असलेला सॉस लावायचा असेल तर तो अगदी शेवटच्या दहा मिनिटांत, रिकाम्या बाजूला असताना ब्रशने लावावा. थेट निखाऱ्यांवर साखर मिनिटभरात करपते. भडक्यात होरपळलेला, काळा पडलेला भाग कापून टाकावा. त्यात आरोग्याला अपायकारक संयुगे तयार झालेली असतात आणि चवीलाही तो कडूच असतो.

उरलेले मांस आणि विझलेले ग्रिल

शिजलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एक तास. उथळ डब्यांत भरून ४ अंश किंवा त्याखाली ठेवले तर ते तीन-चार दिवस चांगले राहते. ब्रिस्केट पुन्हा गरम करताना त्याच्या गुंडाळीत जमलेला रस वर घालून, झाकून, मंद आचेवर तापवावे.

जाळी गरम असतानाच खरवडावी. तारांचा ब्रश वापरत असल्यास प्रत्येक वेळी तिच्यावरून ओला फडका फिरवून पाहावे, कारण तुटलेली बारीक तार जाळीला चिकटून पुढच्या घासासोबत पोटात गेल्याची उदाहरणे आहेत. मी फॉइलचा घट्ट बोळा चिमट्यात धरून घासते आणि मग तेलात बुडवलेली कापडाची घडी फिरवते. शेवटी दोन्ही झरोके आणि झाकण पूर्ण बंद करावे. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी नव्या कोळशात मिसळून वापरता येतो. राख मात्र वरून थंड दिसली तरी आत तिच्यात दोन दिवसही विस्तव जिवंत राहू शकतो. ती ४८ तास तशीच राहू द्यावी, मग धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावी; प्लॅस्टिकच्या कचरापेटीत किंवा कागदी पिशवीत भरू नये.